पाच व्होल्टची दुपार

सानिका साळोखेचा तबला शेवटी वीस व्होल्टवर दणदणीत वाजला, तिच्या आईनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, डोळे पुसले, आणि त्या दिवसापासून त्या घरात सगळ्यांना शांत झोप लागायला लागली.

आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढं चला. मीही तसंच करतो.

माझं नाव अभिनंदन चौगुले. नाव आजोबांनी ठेवलं, चौथ्या तीर्थंकरांचं आहे, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. पण तेराव्याच्या घरात कुणी "आपण कोण?" म्हणून विचारलं आणि आपण हात जोडून "अभिनंदन" म्हणालो, की पुढचं बोलणं जरा अवघड जातं. सानिकाच्या तेराव्याला माझं असं पाचसहा जणांशी झालं. मग मी चपलांपाशी जाऊन बसलो.

मी शिरोलीच्या एका प्रयोगशाळेत दुसऱ्यांनी बनवलेले चार्जर तपासतो. सानिका तबला वाजवायची. आम्ही एकमेकांचे कोण होतो याला दोन्ही घरांत शब्द नव्हता. तिच्या घरी मी 'तो वायरवाला' होतो, आमच्या घरी ती 'ती तबलावाली'. वायरवाला जैन, तबलावाली मराठा, आणि दोन्हीकडचे लोक इतके सुसंस्कृत की कुणी कधी भांडलंच नाही. भांडण झालं असतं तर निदान विषय तरी निघाला असता.

इचलकरंजीत पोरांना लय शिकवावी लागत नाही. गल्लोगल्ली यंत्रमाग खडखडत असतात, पोरं पाळण्यात असल्यापासून ठेका ऐकतात. फक्त माग कधी समेवर येत नाही. सानिका यायची. तिचा तबला इलेक्ट्रॉनिक होता: दोन रबरी पुड्या, त्यांच्याखाली सेन्सर, मधे एक छोटा मेंदू आणि डग्ग्याचा घुमारा काढायला दांडगा स्पीकर. त्याचा मूळचा अडॅप्टर जळाला तेव्हा मी आतला सप्लाय बदलून त्याला टाइप-सीचं तोंड बसवलं आणि सोबत एक चांगला चार्जर दिला. लोक वाढदिवसाला अंगठी देतात. मी पॉवर सप्लाय दिला. ती म्हणाली, "यात लग्नाची मागणी कुठं आहे ते दाखव." मी म्हणालो, "मागणी तबला करतो, चार्जरकडं." तिनं मला पुडी पुसायचं फडकं फेकून मारलं. पण खरंच तसंच असतं.

टाइप-सी वायरीतल्या जाड तारा वीज नेतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्या शेजारी एक बारीक तार असते, तिच्यातून नुसतं बोलणं चालतं. वायर जोडली की चार्जर लगेच वीज सोडत नाही. त्या बारीक तारेवरून तो आधी चाचपतो, पलीकडं ठरलेल्या मापाचा रोध आहे का. म्हणजे दार वाजवणारा आपल्यातला वाटतोय का. वाटला की पाच व्होल्ट सोडतो. हे पाच व्होल्ट म्हणजे पाहुण्याला दिलेलं तांब्याभर पाणी. ते कुणालाही मिळतं, त्यात काही ठरलेलं नसतं. मग खरी बैठक बसते, लग्नाच्या याद्या करायला बसतात तशी. चार्जर आपली यादी वाचून दाखवतो: आमच्याकडून पाच मिळतील, नऊ मिळतील, पंधरा, वीस, अमुक अँपिअरपर्यंत. पलीकडचं यंत्र त्यातलं एक मागतं. चार्जर 'मान्य' म्हणतो, व्होल्ट चढवतो, 'तयार' म्हणतो. करार झाला. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं आणि कुणी रुसून उठून जात नाही. डग्गा घुमायचा तर तबल्याला वीस लागायचे. तो वीस मागायचा, त्याला वीस मिळायचे. मला या गोष्टीचा हेवा वाटायचा.

दोनेक वर्षांमागं भार-स्मृतीचा नियम आला. संध्याकाळी सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम चार्जिंगला लागायच्या आणि माग बंद पडायचे. म्हणून ठरलं की यापुढं मोठ्या चार्जरांनी, आपल्याला जोडलेल्या यंत्रानं वीज कशी कशी ओढली ते क्षणाक्षणाचं लक्षात ठेवायचं, म्हणजे ग्रिडला अंदाज बांधता येईल. दर जोडणीला एक कप्पा. कप्पे मोजकेच. नव्या जोडणीचा करार झाला की सर्वांत जुना कप्पा पुसला जातो. आणि ग्राहकाला कळावं म्हणून चार्जरच्या पोटावर बोटाएवढा पडदा, त्यावर 'सर्वांत जुनी नोंद' आणि तिची तारीख.

या नियमानं चार्जरला तबला ऐकू यायला लागला, हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. डग्ग्यावर थाप पडली की स्पीकर एकदम वीज खेचतो, आलेखात टेकडी उठते. दायावर, म्हणजे उजव्या तबल्यावर, 'ना' पडला की बारीक काटा. टेकड्या आणि काटे ओळीनं वाचता आले की तबल्याचा अख्खा कायदा, म्हणजे बोलांची बांधणी, वाचता येतो. सानिकाचा रोजचा रियाज न चुकता ऐकणारा हा गावातला एकमेव श्रोता होता. त्याला कान नव्हते, पण तो मधेच उठून कधी गेला नाही.

मग एका संध्याकाळी सानिका स्कूटरवरून दूध आणायला गेली, आणि फाट्यावर एका ट्रकला तिची लय कळली नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तेराव्याला कुणाला नाही म्हणायचं नसतं. आलेला माणूस गोड जेवून, मन न दुखावता गेला पाहिजे. जयश्रीकाकू, म्हणजे सानिकाची आई, हे सगळं कडक पाळणारी बाई. नवऱ्यामागं अनुकंपा तत्त्वावर तहसील कचेरीत लागल्या, अव्वल कारकून होऊन निवृत्त झाल्या, एकटीनं पोरगी वाढवली. पहिल्या दिवसापासून घरात पाहुणे, सगळ्यांचे फोन उतरलेले, आणि चांगला चार्जर एकच. काकू प्रत्येकाला सांगत होत्या, "लावा की. तिथं आहे बघा, तबल्याजवळ. पटकन भरतोय."

मी चपलांपासून उठून पाणी प्यायला आत आलो तेव्हा रेखाआत्यांच्या हातात वायर होती. त्या सानिकाच्या वडिलांच्या बहीण, जयसिंगपूरच्या. वायरीचं टोक फोनच्या तोंडाशी आणलेलं. माझी नजर चार्जरच्या पडद्यावर गेली. सर्वांत जुनी नोंद: त्याच दिवसाची. तिच्या शेवटच्या दिवसाची.

त्याच्या आधीचं सगळं पुसलं गेलं होतं. मामाच्या फोननं दोन आठवड्यांचा रियाज खाल्ला होता. सांगलीच्या चुलत्यांनी झपतालाची तालीम भरून घेतली होती. कुणाचं तरी दाढी करायचं मशीनसुद्धा लागून गेलं असावं. एवढी एक दुपार शिल्लक होती, आणि आत्यांच्या फोनला एकच टक्का.

मी वायर हिसकावली.

"अगं बाई!" आत्या ओरडल्या. "कोण हा? जयश्री, हा कोण पोरगा?"

"अभिनंदन," मी म्हणालो.

"कशाबद्दल?"

"नाव आहे माझं. आत्या, फोन लावू नका. पाया पडतो."

"माझ्या सुनेचा व्हिडिओ कॉल यायचाय, तिला घास ठेवलेला बघायचाय. काय सोनं चिकटलंय का तुझ्या चार्जरला?"

आत्ता मागं वळून बघताना वाटतं, "हो" म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण मी दोन मोठ्या खोल्यांतल्या सगळ्या शोकाकुल मंडळींना विजेचा करार समजावून सांगायला लागलो. दोन माणसं जेवायला निघून गेली. तिसरा म्हणाला, "धक्का बसलाय पोराला, बसवा त्याला." काकूंनी माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार ओढून घेतलं.

"नीट सांग. त्या डबीत काय आहे?"

"त्या दिवशीचं तिचं वाजवणं आहे, काकू. आवाज नाही. पण कुठला बोल कधी पडला ते सगळं."

"अख्ख्या दिवसाचं?"

"दुपारी वायर लावल्यापासून काढेपर्यंत."

त्या ओट्याला टेकल्या. बाहेर कुणीतरी श्रीखंड वाढ म्हणत होतं.

"दुपारी मी तिला बोलले होते," काकू म्हणाल्या. "डोकं उठलं होतं माझं. म्हटलं, बंद कर ते बडवणं. आणि बंद झालं बघ. एकदम. मी म्हटलं, ऐकलं एकदाचं पोरीनं. भाजी निवडत बसले. संध्याकाळी दुधाला गेली ती..." त्यांनी ओट्यावर बोट फिरवलं. "चारच शब्द रे. शेवटची दुपार तिची, आणि मी हातातलं काढून घेतलं. मला एवढंच बघून सांग. माझ्यामुळं ती खरंच गप्प बसून राहिली का? का मी झोपल्यावर परत वाजवलं तिनं? मला डुलकी लागली होती थोडी. वाजवलं असंल. असंल की नाही?"

मी म्हणालो, बघून सांगतो.

हे सांगणं सोपं होतं, बघणं नव्हतं. कप्पा वाचायला चार्जरशी बोलावं लागतं. बोलायला जोडावं लागतं. जोडलं की करार होतो. करार झाला की सर्वांत जुना कप्पा पुसला जातो, आणि आमचा उरलेला एकुलता एक कप्पा तोच सर्वांत जुना होता. म्हणजे उघडलं की जळणारं पत्र. फोडून चिप काढावी तर सगळं राळेत ओतलेलं, उघडलं की मेलं. नियम करणाऱ्यांनी ग्राहकाच्या खासगीपणाची फार काळजी घेतली होती. ग्राहक मेल्यावरही.

प्रयोगशाळेत मी दुसऱ्या एका तसल्याच चार्जरवर आठवडाभर डोकं आपटलं तेव्हा एक फट सापडली. चार्जर यादी वाचून दाखवतो आणि पलीकडचं यंत्र मागणी करेपर्यंत थोडा वेळ वाट बघतो. अगदी थोडा, चिमणीच्या पंखाच्या फडफडीएवढा. तेवढ्या वेळात तो जागा असतो, पण करार झालेला नसतो. तेवढ्यात त्याला विचारलं की बाबा, जुन्या कप्प्यातले चार आकडे सांग, तर तो सांगतो. मग मागणी येत नाही म्हणून चिडतो, वीज तोडतो, पुन्हा पहिल्यापासून यादी वाचतो. पुन्हा चार आकडे. दोनतीनदा असं झालं की रुसून गप्पच बसतो. मग वायर काढून पुन्हा घालायची.

थोडक्यात, काहीही न मागता नुसतं बोलत राहायचं. यात मला चार वर्षांचा अनुभव होता.

मी हत्यारांची पेटी, लॅपटॉप आणि वायरी घेऊन काकूंकडं गेलो. त्यांना म्हणालो, "वायर काढायची, घालायची. हजारो वेळा. हातानं करावं लागेल."

"मग करू की," काकू म्हणाल्या. "लक्ष वाती वळल्यात मी एका श्रावणात."

आणि त्या बसल्या. पाटावर मांडी घालून, चार्जर पुढ्यात, वायर उजव्या हातात. काढ, घाल, थांब. काढ, घाल, थांब. मी लॅपटॉपवर आकडे चढताना बघत बसायचो. दर संध्याकाळी मी कामावरून परस्पर तिथं जायला लागलो. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण होतं. माझं ताट रोज झाकून राहायला लागलं. आई म्हणाली, "काय, ओव्हरटाइम आहे का रे?" मी म्हणालो, "हो. सप्लायचा प्रॉब्लेम आहे."

पहिल्या दिवशी काकूंनी पोहे केले, कांदा घालून. मी खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्या बशी पुढं करता करता थांबल्या. "तुमच्यात कांदा चालत नाही, होय ना? सानिका म्हणायची." मी म्हणालो, चालतो. "चालत नाही," काकू म्हणाल्या आणि बशी परत घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवसापासून बिनकांद्याचे पोहे, वर शेंगदाणे जास्त. सानिका असताना चार वर्षांत मला त्या घरात पाण्याच्या पुढं काही मिळालं नव्हतं. पाच व्होल्ट, म्हणू या.

वायर काढता-घालता काकू बोलायच्या. सानिका दोन वर्षांची असताना कचेरीत यायची आणि शिक्के मारायच्या पॅडवर ठेका धरायची, एकदा तिनं सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कुठंही लागणार नाहीत इतके शिक्के मारून ठेवले. मी सांगायचो, सानिका माझ्या बोलण्याच्या मात्रा मोजायची आणि म्हणायची, तू दर वाक्यात एक मात्रा उशिरा हसतोस. काकू हसायच्या. एक मात्रा उशिरा.

रेखाआत्यांचा फोन अधूनमधून यायचा, स्पीकरवर.

"झालं का गं तुमचं भूत उतरवून?"

"चाललंय, वन्सं."

"तो पोरगा अजून येतोय रोज? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

आत्यांनी बराच विचार केला. "चार्जर दुरुस्त करायला एवढे दिवस लागतात का, म्हणतील."

हे मात्र आत्यांनी बरोबर हेरलं होतं. कारण वायर काढणं आणि घालणं याचा चार्जरच्या दृष्टीनं अर्थ एवढाच की बोलायची तार तुटली आणि जुळली. ती तार तोडायला-जोडायला वाटाण्याएवढा ट्रान्झिस्टर पुरतो. तो माझ्या पेटीत पहिल्या दिवसापासून होता. त्याला लावलं असतं तर एका दुपारीत काम संपलं असतं, आणि मग मला त्या घरी यायचं काही कारण उरलं नसतं.

एका संध्याकाळी काकूंनी हात न थांबवता विचारलं, "अभिनंदन, हे हातानंच करावं लागतंय होय?"

"हो."

"यंत्रानं होत नाही?"

"...नाही."

"बरं," काकू म्हणाल्या. काढ, घाल, थांब. "तहसीलमध्ये आयुष्य काढलंय मी. मुद्दाम लांबवलेलं काम मला ओळखू येत नाही, असं वाटतंय तुला?"

मी लॅपटॉपकडं बघत राहिलो. आकडे चढायचे थांबले नाहीत, कारण त्यांचा हात थांबला नव्हता.

"मग म्हणालात का नाही?"

"मी तरी कुठं घाई केली?" त्या म्हणाल्या. "शेवटच्या पानावर काय आहे, कुणाला ठाऊक. चालतंय तोवर चालू दे म्हटलं. शेरा मारला की फाईल बंद."

पण माणसानं कितीही रेंगाळलं तरी कप्प्याला तळ असतो. एका रविवारी तो आला.

मी आलेख उघडला. काकू चष्मा पुसून माझ्या शेजारी बसल्या. सुरुवातीला वीस व्होल्ट. टेकड्या, काटे, टेकड्या. मी बोटानं टेबलावर वाजवून दाखवत गेलो: धा धा तिट, धा धा तूना. काकूंची मान हलत होती. कायदा, मग पलटे, लय वाढत गेली, टेकड्या एकमेकींना चिकटायला लागल्या. आणि मग एका 'धा'च्या मधोमध सगळं तुटलं. व्होल्ट वीसवरून पाचवर. पुढं सपाट रेघ. पडद्याच्या शेवटापर्यंत.

"इथं बोलले मी," काकू म्हणाल्या.

मी रेघ शेवटापर्यंत सरकवून बघितली.

"थांबली."

"काकू..."

"थांबली ना रे? शेवटपर्यंत सपाट आहे. मला वाचता येतंय." त्यांनी चष्मा काढून पदरात घेतला. "एवढी कशी शहाणी झाली त्याच दिवशी? एरवी दहादा सांगितलं तरी ऐकायची नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की रेघ असूच नये. वायर काढली असती तर नोंदच संपली असती. आणि वीसवरून पाचवर आपोआप कुणी येत नाही. तसं यायला तबल्यानं चार्जरला नव्यानं सांगावं लागतं. हे मीच त्याला शिकवलं होतं: आवाजाचं बटण शून्यावर गेलं की स्पीकरला वीज लागत नाही, मग उगाच वीस अडवून बसू नकोस, पाच माग. म्हणजे तिनं तबला बंद केला नव्हता. आवाज शून्यावर नेला होता.

मी त्या सपाट रेघेवर गेलो आणि ती मोठी करत गेलो. दहापट. शंभरपट. हजारपट.

रेघ सपाट नव्हती. तिच्यावर शहारे होते. पुडीला बोट लागलं की आतला मेंदू क्षणभर जागा होतो आणि किंचित वीज घेतो, स्पीकर असो वा नसो. दायाचा शहारा वेगळा, डग्ग्याचा वेगळा. मी टेबलावर बोट ठेवलं आणि वाचायला लागलो. धा धा तिट, धा धा तूना. जिथं तुटलं होतं तिथूनच तिनं पुन्हा धरलं होतं. शहारे संपेचनात. पलटे, तिहाई, नवा कायदा, मधेच चूक, पुन्हा तेच, पुन्हा, मग बरोबर.

"हे काय आहे?" काकूंनी चष्मा लावला.

"वाजवत होती. आवाज बंद करून. नुसत्या रबरावर."

"कधीपर्यंत?"

मी रेघ ओढत नेली. दुपार सरत गेली तरी शहारे होतेच. "दुधाला निघेपर्यंत."

मला वाटलं, त्या आता हसतील. थांबली नव्हती पोरगी. त्यांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. मी हसूनही घेतलं, एक मात्रा उशिरा.

"कानाला लावायचं होतं ना तिचं ते?" काकूंनी विचारलं.

"हेडफोन. एक बाजू गेली होती, माझ्याकडं दुरुस्तीला होते."

"म्हणजे तिलासुद्धा ऐकू येत नव्हतं."

"नाही."

काकू त्या शहाऱ्यांकडं बघत राहिल्या. "मी इथं होते," त्या म्हणाल्या. "या भिंतीपलीकडं. मेथी निवडत होते. मागांच्या खडखडाटात मला वाटलं, बरं झालं, शांत बसलीय. चहा घेऊन गेले तर हात मांडीवर ठेवून बसली होती, घामानं डवरलेली. म्हटलं, पंखा लाव. तर म्हणाली, लावते. एवढंच बोललो आम्ही. मी वळल्यावर परत सुरू केलं असणार. बघ, असणार तिथं कुठंतरी. चहाएवढी मोकळी जागा."

होती. मी त्यांना दाखवली.

त्यांनी त्या जागेवर बोट ठेवलं. "हे मी," त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या आणि तबल्यावरचा कपडा काढला. "आता जोड. आता पुसलं तरी चालतंय ना?"

"आपल्याकडं नक्कल आहे. चालेल."

"मग त्याला वीस मागायला सांग. आणि हे सगळं वाजव. मोठ्यानं. सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे."

मी शहाऱ्यांचे बोल केले, बोल तबल्याच्या मेंदूत भरले, वायर जोडली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच मी चार्जरकडं काहीतरी मागितलं. तो 'मान्य' म्हणाला. पडद्यावरची जुनी तारीख गेली, आजची आली. स्पीकर धपकन जागा झाला आणि तबला वाजायला लागला.

तो बरोबर वाजला, आणि तेवढंच. शहाऱ्याला बोट कधी पडलं ते कळतं, किती जोरात पडलं ते कळत नाही. जोर स्पीकरच्या विजेत असतो, आणि स्पीकरला तर तिनं झोपवलं होतं. त्यामुळे सगळे 'धा' एकसारखे, सगळे 'तूना' एकसारखे, शेजारच्या कारखान्यातल्या मागासारखे. तिचा वेळ होता, तिचा हात नव्हता. मी घाईघाईनं आकड्यांशी खेळून बघितलं, इथं थोडा जोर, तिथं थोडा हलका. मला तिचा हात माहीत होता. पण मी घातलेला जोर माझाच वाटत होता.

"बंद कर," काकू म्हणाल्या. आणि लगेच त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

मी आवाज शून्यावर नेला. व्होल्ट पाचवर आले. आतमध्ये ते चालूच होतं, फक्त ऐकू येत नव्हतं. आम्ही दोघं त्याच्यासमोर तसेच बसून राहिलो, ते संपेपर्यंत. किती वेळ, ते चार्जरला माहीत.

मग काकूंनी कपाटातून कोरे कागद काढले, समासाची घडी घातली आणि पेनचं टोपण उघडलं. निवृत्तीनंतरही त्यांचं अक्षर तहसीलदाराला उठून उभं करेल असं आहे.

"अर्ज करायचाय. सहअर्जदार म्हणून तुझं नाव घालते," त्या म्हणाल्या. "मयताशी नातं काय लिहू?"

"मित्र लिहा."

त्यांनी मान खाली घालून लिहिलं. मी वाकून बघितलं. 'घरचे' असं लिहिलं होतं. मी काही म्हणालो नाही. मान्य झालेल्या मागणीवर बोलू नये.

बाकीचा अर्ज त्यांनी एका दमात लिहिला, एक खाडाखोड नाही. तो असा:

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी, जे कोणी असतील ते.

विषय: उच्चारलेले वाक्य मागे घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हिने मयत कु. सानिका हीस उद्देशून दुपारच्या वेळी चार शब्दांचे एक वाक्य उच्चारले होते. सदर वाक्यावर मयताने तत्काळ अंमलबजावणी केली असून, ती आवश्यकतेपेक्षा जास्त काटेकोर असल्याचे चौकशीअंती निष्पन्न झाले आहे. सदर वाक्य अर्जदाराने डोकेदुखीच्या कारणास्तव व पुरेशी शहानिशा न करता उच्चारलेले होते. ते आता अर्जदारास नको आहे.

तरी सदर वाक्य पूर्वलक्षी प्रभावाने रद्द समजण्यात यावे, त्या दुपारचा उर्वरित भाग वीस व्होल्टवर पुनश्च मंजूर करण्यात यावा, आणि त्या वेळी भिंतीपलीकडे मेथी निवडत बसण्यास अर्जदारास परवानगी देण्यात यावी, ही नम्र विनंती.